दुःखातला माझा वाटा

वाढ्याचा ट्रक माळावर आला की किसन ड्रायव्हर आधी लांबून हॉर्न वाजवायचा, मग रस्त्याला शिव्या द्यायचा आणि मगच खाली उतरायचा. त्या दिवशी त्यानं यातलं काहीच केलं नाही. पारनेर तालुक्यातल्या त्या उघड्या माळावर आमची जनावरांची छावणी होती. उसाच्या शेंड्यांच्या त्या चाऱ्याचा वास लागून गुरं दाव्याला हिसके द्यायला लागली, तरी हा आपला स्टिअरिंग धरून बसलेला. मी जवळ गेलो तेव्हा काचेतून समोर बघतच तो म्हणाला, "दामूशेठ, रघूअण्णा काल गेलं. समदं उरकलंय."

उरकलंय! ज्याच्याबरोबर उभा जन्म काढला तो दोस्त जळून राख झाला आणि मला ते कळलं चाऱ्याच्या ट्रकबरोबर, दुसऱ्या दिवशी. खांदा द्यायलासुद्धा कुणी बोलावलं नाही. या गोष्टीला आता महिन्याच्या वर दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. मी दोन-तीनदा बसून पाहिलं, जमलं नाही. मला त्याचा राग आला आहे, आणि ज्याच्याशी भांडायचं तोच समोर नाही, म्हणून हे गाऱ्हाणं तुम्हा वाचकांपुढं मांडतो आहे.

रघूचं सायकलचं दुकान संगमनेरला, नाशिक-पुणे रस्त्याला लागून. माझी पिठाची गिरणी शेजारीच. तो ग्रीसनं काळा, मी पिठानं पांढरा; चहाला आम्ही दोघं बरोबर निघालो की हॉटेलातली माणसं हसायची. पण माणूस नुसता पंक्चर काढणारा नव्हता. पहाटे प्रवरेत पोहणं, दिवसभर दुकान, संध्याकाळी वाचनालय, गणपतीत नाटक, आणि रविवारी घरचा स्वयंपाक तो स्वतः करायचा. इंदूवहिनींना त्या दिवशी चुलीपुढं बसायची बंदी असे. भरीत तर असं करायचा की वहिनींनीसुद्धा गुपचूप दुसऱ्यांदा वाढून घ्यावं. "जेवण जसं चौरस लागतं ना दाम्या, तसं जगणंही चौरस पाहिजे," तो म्हणायचा. "तू म्हणजे जातं आहेस. दिवसभर फिरतोस आणि पोचत कुठंच नाहीस." मी गिरणी, जेवण आणि झोप यांत सुखी होतो, यानं मला तिशी उलटल्यावर धरून नेऊन पाण्यात ढकललं, पोहायला शिकवलं, एका वर्षी तर नाटकात हवालदार केलं. मला एकच वाक्य होतं, तेही मी विसरलो. त्यानं ते स्वतःच्या वाक्यात घालून वेळ निभावली आणि नंतर गावभर सांगत सुटला की दामूचा अबोल हवालदार सगळ्यांत भाव खाऊन गेला.

माझी बायको गेली तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. तो वळकटी काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "दार उघड, नाहीतर मोडतो." मला एकट्याला राहू दे म्हटलं तर भडकला. तेव्हा जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही. "दाम्या, डोक्यावर मोळी चढवताना दुसऱ्यानं हात लावावाच लागतो. चालायचं ज्याचं त्यानं, ते खरं. पण हात लावू न देणं ही मर्दुमकी नाही, माज आहे. सुख एकट्यानं खाल्लंस तर मी रुसेन, दुःख एकट्यानं खाल्लंस तर तुझं तोंड बघणार नाही. तुझ्या दुःखात माझा वाटा आहे, तो मला दे." मग सबंध महिना तो माझ्या घरी निजायला होता. मला रडवलं, जेवू घातलं, गिरणीचा पट्टा स्वतः चढवून दिला. मी माणसात आलो तो त्याच्यामुळं, हे मी कुठंही कबूल करीन. म्हणूनच पुढं त्यानं जे केलं ते मला सोसत नाही.

गेल्या साली पाऊस पडलाच नाही. दळायला धान्य येईना. आलं तर रेशनवरचा तांबडा मिलो जोंधळा, तोही ओंजळभर. मी गिरणीला कुलूप लावून ओट्यावर बसून राहायला लागलो. त्याच सुमाराला रघू पुण्याला जाऊन आला. टायर आणायला गेलो होतो म्हणाला. टायर काही मला दिसले नाहीत, पण दोस्ताची झडती कोण घेतं? आल्या आल्या त्यानं माझ्यामागं लकडा लावला. गावातल्या चार जणांनी मिळून पारनेरकडच्या गुरांसाठी छावणी काढायचं ठरवलं होतं; वाढं आमच्या बागायती पट्ट्यातून जाणार, पण तिथं राहून बघणारा माणूस हवा होता. "गिरणी बंद पडली म्हणून तू कशाला बंद पडतोस? जा," तो म्हणाला. मी निघालो त्या दिवशी ट्रकपाशी सोडायला आला. गालफडं बसली होती. मी विचारलं, तर हसून म्हणाला, "दुष्काळात कोण बाळसं धरतं?" आणि मग एकदम गंभीर होऊन, "छावणी मोडल्याशिवाय परत यायचं नाही. मुकी जनावरं तुझ्या भरवशावर येणार आहेत. शब्द दे." मी त्याच्या हातावर हात मारला. पोटातल्या गाठीला उपाय नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगून झालं होतं. हे त्याला ठाऊक, वहिनींना ठाऊक... आणि मी खुळ्यासारखा टाळी देऊन ट्रकमध्ये चढलो.

छावणीनं मला माणूस केलं, हेही खरं. कुठली गाय कशानं खात नाही हे मला कळायला लागलं, पाण्याच्या टँकरवरची भांडणं मी मिटवायला लागलो, म्हाताऱ्या बाया लेकी-सुनांची गाऱ्हाणी माझ्याकडं आणायला लागल्या. प्रत्येक वेळी मनात यायचं, रघूला हे सांगितलं पाहिजे. किसन ट्रक घेऊन आला की मी आधी त्याची खबर विचारायचो. "लई झ्याक हाय," किसन सांगायचा. "अण्णा म्हनलं, मी मजेत हाय, तू तुजं काम बघ." मी खूश होऊन वाढं उतरवायला लागायचो.

त्या दिवशी संगमनेरला जाताना किसननं सगळं ओकून टाकलं. "म्या लबाड बोललो, शेठ. अण्णांनी बजावलं हुतं. आंथरुनात पडून हसत निरोप द्यायचं. मला न्हाई म्हनवंना." रघूच्या घरी पोचलो तर कळलं की डॉक्टरला माहीत होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत होतं, हॉटेलवाला तर रोज त्याच्यासाठी दूध पाठवत होता. सगळ्या गावाला कळलं होतं, एका मला सोडून. मी कोपऱ्यात बसून राहिलो. वहिनींच्या भोवती बायका होत्या. वाचनालयात शोकसभा झाली तिलाही गेलो. एक वक्ते म्हणाले, रघूअण्णा शेवटपर्यंत स्वतःची जबाबदारी स्वतः वाहत गेले, कुणाला कणभर त्रास दिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं की अरे, द्यायला हवा होता! ज्यानं मला शिकवलं की हात लावू न देणं हा माज आहे, त्यानं स्वतःच्या मोळीला मला बोट लावू दिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या दुःखातला वाटा हक्कानं घेऊन गेलास रघू, मग तुझ्या दुःखातला माझा वाटा कुठं आहे? की मी तुझ्या चौरस जगण्यातलं आणखी एक काम होतो... पोहणं, नाटक, भरीत आणि दामू?

सभा झाल्यावर मी माळावर परतलो. शब्द दिला होता ना! पण राग काही जाईना. शेवटी महिन्याच्या श्राद्धाला गेलो तो वहिनींना तोंडावर विचारायचं ठरवूनच. जेवणं झाली, माणसं पांगली, तेव्हा विचारलं. त्या मला पुढच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं खाट होती, रस्त्याकडच्या खिडकीशी आडवी, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होईल अशी.

"आधी भिंतीशी होती, भावजी," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांनी फिरवून घेतली. आळेफाट्याकडनं, तुमच्या छावणीच्या बाजूनं, यष्टी आली की मान उचलायचे. मला विचारायचे, दाम्या नाही ना आला? मी म्हणायची, नाही. तर म्हणायचे, बरं झालं. मला वाटायचं, तुम्ही येऊ नये म्हणूनच विचारतात. मग एक दिवस विचारलंच नाही. मी आपण होऊन सांगितलं, आजपण नाही आले भावजी... तर तोंड फिरवून रडायला लागले."

"मग तेव्हा तरी निरोप धाडायचा होता, वहिनी!"

"कसा धाडू? त्यांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती." पदर तोंडाशी धरून त्या कशाबशा बोलल्या, "मी ती मोडली असती आणि त्यांना काही झालं असतं तर?"

त्या आत गेल्या. मी खाटेवर बसलो, मग आडवा झालो. थोड्या वेळानं यष्टी येऊन समोरच्या थांब्यावर उभी राहिली. खाटेवरून उतारूंचे चेहरे एकेक करून ओळखू येत होते. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी मान उचलून बघत राहिलो.