सुरगाठीचं रॉकेट

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या सक्करदऱ्यातली पोरं आपापले लाकडी नंदी सजवून मैदानात आणतात. कुणी झूल घालतं, कुणी शिंगांना बेगड लावतं. गेल्या पोळ्याला माझी नात म्हणाली, आपला नंदी रॉकेट नेणार.

"नंदीवर काहून वं रॉकेट?" मी विचारलं.

"मंग का मांजरीवर ठेवू?"

मला वाटायचं, रॉकेट सरळ वर जातं आणि आकाशकंदिलासारखं तिथंच टांगून राहतं. नातीनं मला गच्चीवर नेलं. बापाच्या मोज्यांचा गोळा केला आणि फेकला. तो फाटकापाशी पडला. दुसरा जोरात फेकला, तो शेजारणीच्या अंगणात गेला.

"आता समज, इतक्या जोरात फेकला का तो पडता पडता जमीनच खालून वाकत गेली. पृथ्वी गोल हाय ना! मंग तो पडतच राहते, पण टेकत नाही. म्हणून रॉकेट पहिले सरळ वर जाते, मंग हळूहळू आडवं होते अन् जोरात पळते."

खालून शेजारीण ओरडली, "कोण मोजे फेकून राहिलं वं?" आम्ही दोघी टाकीमागं लपलो.

रॉकेट पुठ्ठ्याच्या नळ्यांचं केलं. खाली मोठी नळी, वर लहान, टोकाला कागदाचं टोपडं, सगळं एका बांबूच्या कामटीवर. नळ्या दोऱ्यानं कामटीला बांधायचं काम माझं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, निघायच्या वेळेला खालची नळी सुटते का बघायला नातीनं दोरा ओढला. काही हललं नाही. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आजी, हे सुटाले पाह्यजे! इंधन संपलं का रिकामी नळी टाकून देते रॉकेट. फुकटचं ओझं घेऊन वर कसं जाईन?"

चूक माझीच होती. माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी घरी त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. सूत तुटलं की गाठ अशी मारायची, की लुगडं फाटलं तरी गाठ सुटू नये. दोरा हातात आला की सुटणारी गाठ माझ्या हातांना सुचायचीच नाही. मी कात्रीनं सगळ्या गाठी कापल्या आणि परकराच्या नाडीला मारतो तशा सुरगाठी मारल्या. एक टोक ओढलं की सुटेल अशा.

"माह्ये दोन्ही हात कामटीले लागतीन. दोरा तुलेच ओढा लागन," नात म्हणाली.

हळदीकुंकवातही मी दाराजवळ बसते आणि सगळ्यांआधी उठते. पण सून कामावर गेलेली, दुसरं कोण होतं? डोक्यावर पदर घेतला आणि नंदीमागं निघाले. वाटेत एकच घोर, सुरगाठ आधीच सुटली तर?

मैदानात तोरणाखाली आमची पाळी आली. परीक्षक म्हणून शाळेतल्या एक बाई होत्या. नातीनं कामटी उभी धरली. "ओढ!"

मी ओढलं. मोठी नळी धपकन पडली.

"अरे, तुटलं गा, तुटलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुटलं नाही, सोडलं!" नात त्याच्यावर ओरडली आणि तिनं कामटी हळूहळू आडवी केली. "आजी, दुसरी!"

दुसरी सुटेना. भीतीपोटी हातांनी आपणहूनच एक जास्तीचा वेढा दिला होता. सगळे बघत होते. मी खाली बसले, पदर घसरला तरी घसरू दिला आणि दातांनी वेढा सोडवला. नळी गळून पडली. उरलं टोपडं, आणि ते घेऊन नात नंदीभोवती गरगर धावत सुटली.

"नंदी म्हणजे पृथ्वी का बे?" पोरं हसली.

बाईंनी विचारलं, "इंजिन बंद झाल्यावर हे खाली का पडत नाही?"

नातीला धाप लागलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"पडते ना बाई," मी म्हणाले. "पडतच राहते. पण आडवं इतकं पळते का जमीन खालून वाकत जाते. म्हणून टेकत नाही."

माझा आवाज मैदानभर गेला असावा, कारण गर्दीतून शेजारीण ओरडली, "म्हणजे ते मोजे तुमचेच होते!"

पहिला नंबर झूलवाल्या नंदीला गेला. आम्हाला दुसरा आला, स्टीलचा डबा मिळाला. दुसऱ्या दिवशी शेजारीण मोजे धुऊन घेऊन आली आणि म्हणाली, ते पडणं-न-पडणं नीट सांगा. फाटकापाशी मी सांगत राहिले, आत दूध उतू गेलं.