मग त्यालाही हाकला

माझा थोरला भाऊ डोकं गरम घेऊनच जन्माला आला. शाळेत बाक बडवला म्हणून मास्तरांनी त्याला बडवलं, त्याने मास्तरांची छडी मोडली आणि घरी वडिलांनी मास्तरांच्या वतीने त्याला पुन्हा बडवलं. शेवटी एका बँडवाल्याने त्याच्यापुढे ड्रम ठेवले, तेव्हा कुठे आमच्या घरातली भांडी वाचली. पुढे तो रेकॉर्डिंग स्टुडिओत वाजवायला लागला. रेडिओवरच्या निम्म्या गाण्यांत ठोका त्याचा, नाव मात्र कुठेच नाही.

मी तिथेच कोरसमध्ये गायचे. माझ्या नवऱ्याला गिटार वाजवायला दादानेच आणलं आणि लग्नही त्यानेच जुळवलं. नवऱ्याची आई सीमेपलीकडची. आत्याने त्यावरून नाक मुरडलं, तर दादाने जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं आणि विषय तिथेच संपला. नवऱ्याला तो 'जावईबापू' म्हणायचा आणि प्रत्येक हाकेला एक शिवी जोडायचा.

मग रेकॉर्ड कंपनीने परदेशातून तयार गाणी आणायला सुरुवात केली. चाल तिकडची, ताल मशीनचा, वरून आपल्या भाषेतले शब्द चिकटवायचे. वादकांना कामच उरलं नाही. दादा चिडला, आणि बरोबरच चिडला होता, हे मी आजही म्हणते. वादकांना घेऊन तो कंपनीच्या दारात 'आपलं संगीत, आपली माणसं' म्हणून ओरडायला लागला. तोवर झेंडेवाली पोरं येऊन मिसळली. त्यांना संगीतातलं काडीचं कळत नव्हतं, पण घोषणा फार आवडली. आठवड्याभरात त्यांनी एक रेकॉर्डचं दुकान फोडलं आणि दुकानदाराचे दात पाडले.

"दादा, ही कसली माणसं गोळा केलीस?" मी विचारलं.

"माझ्या मागे उभी तरी आहेत. कंपनीवाले कधी पाणी तरी विचारतात का?"

एका चॅनेलने त्याला चर्चेला बोलावलं. निवेदक गुळगुळीत हसत म्हणाला, "ड्रम तरी आपले कुठे? आणि तुमच्या शेजारी बसून गिटार वाजवतो, त्याची आई कुठली हो?" वादात हरणं म्हणजे दादाला मरण. त्याचे कान लाल झाले.

"मग त्यालाही हाकला!" तो ओरडला.

टाळ्या पडल्या. घरी मी टीव्ही बंद केला. नवरा मात्र हसला. "रागात बोलला गं. उद्या येऊन मलाच शिव्या घालील."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत दादाच्या आधी ती पोरं आली. काच फुटली, दार आत कोसळलं. माईकच्या लोखंडी दांड्या उपटून त्यांनी दिसेल त्याला हाणलं. नवऱ्याला केसांना धरून बाहेर फरफटत नेलं आणि लाथांनी तुडवलं. मी एकाच्या दंडाचा कडकडून चावा घेतला, तर त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी मला दिसलं, एकाने मोठा धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता.

तेवढ्यात दादा धावत आला. "बाजूला व्हा! हा माझा आहे!"

गर्दी खूश झाली. त्याने एकाच्या हातची दांडी हिसकावली, नवऱ्याचा उजवा हात पायरीवर टेकवला आणि मनगटावर दांडी घातली. मग पुन्हा घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"संपलं ह्याचं वाजवणं! चला आता कंपनीवर!" तो ओरडला, आणि सगळी गर्दी त्याच्यामागे निघून गेली.

दवाखान्यात नवरा शुद्धीवर आला तो हेच सांगत. "उजवा फोडला त्याने, डावा नाही. सूर डाव्या हाताची बोटं धरतात. उजव्याने नुसती तार छेडायची, ते कसंही जमवता येईल. गर्दीला कुठे ठाऊक?"

"मग काय, त्याचे उपकार मानू?"

"धोंडा बघितलास ना?"

बघितला होता. पण धोंडा उचलणाऱ्यांना नवऱ्याचा पत्ता कुणी दिला, हेही मी टीव्हीवर बघितलं होतं. मला दादाचा इतका राग आला होता की त्याचं नाव निघालं तरी दात करकरायचे.

पुष्कळ दिवस तो फिरकला नाही. मग एका दुपारी दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, एक हात चौकटीवर टेकवलेला.

"जावईबापूंना भेटू दे."

"कुठला जावई? हाकललास ना त्याला?"

"मी वाचवलं गं त्याला."

मार मी खाल्ला होता, नवऱ्याला घास मी भरवत होते, आणि हा म्हणे वाचवलं! माझं टाळकंच फिरलं. दोन्ही हातांनी मी लोखंडी दार होतं नव्हतं तेवढं बळ लावून लोटलं. दार येताना दादाने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. जन्मभर ड्रम वाजवलेल्या माणसाला हात मागे घ्यायला कितीसा वेळ लागतो? त्याने तो घेतला नाही.

आवाज ऐकून नवरा गळ्यात अडकवलेलं प्लास्टर सांभाळत धावत आला. डाव्या हाताने दार ओढून त्याने दादाला आत घेतलं आणि खाली बसवलं. दादाची बोटं चेचली होती, फरशीवर रक्त टपकत होतं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं.

"पाणी आण गं," नवरा म्हणाला.

मी जागची हलले नाही. शेवटी नवराच उठला.