शिवणीत राखलेलं कापड

माझ्या औषधांच्या दुकानाला लागूनच मास्तरांचं शिवणाचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी कात्री खाली ठेवली तरी मला ऐकू येतं. मास्तर फक्त पँट शिवतात. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या कमरा त्यांना तोंडपाठ आहेत, पण एकीचंही माप त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही.

त्यांची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक पोट आत ओढून, श्वास रोखून उभं राहतं आणि म्हणतं, "मास्तर, फिट ठेवा हं." मास्तर "हो हो" म्हणतात आणि कापताना खुशाल दोन बोटं सैल ठेवतात. शिवाय कमरेच्या मागच्या शिवणीत आतल्या बाजूला बोटभर जास्तीचं कापड दुमडून राखतात. पुढेमागे माणूस सुटला, तर शिवण उसवून पँट सैल करता यावी म्हणून. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं. ते आरशात बघून खूश होतं आणि घरी जाऊन पोटभर जेवतं.

स्वतःची पँट मात्र मास्तर लग्नात होतं त्याच मापाने शिवत आले. माप पाठ होतं, मग टेप लावायची गरजच काय? वर पट्टा, तोही शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला. खुर्चीत बसले की पोट पट्ट्यावरून बाहेर डोकवायचं. मी काउंटरवरून म्हणायचे, "मास्तर, ते बिचारं हवा खायला बाहेर आलंय." ते हसून म्हणायचे, "ताई, तुम्ही गोळ्या विका."

पण मग त्यांचं हसणं कमी होत गेलं. दुपारचा डबा खाल्ला की ते लगेच कापायला उभे राहत. कापायचं टेबल त्यांच्या वडिलांच्या वेळचं, फार बुटकं. त्यावर काम करायचं म्हणजे माणसाने कमरेत दुमडायचंच. तसे वाकले की छातीत जळायला लागायचं, आंबट पाणी घशाशी यायचं आणि ते छातीवर हात ठेवून स्टुलावर बसून राहायचे. माझ्याकडून गुलाबी औषधाची बाटली न्यायचे. "पित्त हो ताई, दुसरं काय," असं म्हणून तिथल्या तिथे एक घोट घ्यायचे.

पहिल्या दोन बाटल्यांना मी गप्प बसले. नंतर मात्र सांगितलं, "मास्तर, हे म्हणजे आगीवर तांब्याभर पाणी मारणं झालं. आग रोज का लागते ते डॉक्टरांना विचारा." त्यावर उत्तर ठरलेलं, "बघू." या "बघू"ने माझं डोकं जितकं फिरतं तितकं उधारीनेही फिरत नाही.

एका सकाळी मास्तरांची बायको दुकानात आली. वहिनी त्यांच्या पँटना काजं-बटणं करतात, हातशिलाई करतात, आणि बोलतात अगदी थोडं. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, यांनी मशीन विकायला काढलंय. रविवारी माणूस बघायला येणार आहे. म्हणतात, आता पुरे झालं. विचारलं तर धड सांगत नाहीत."

मी दुकान तसंच उघडं टाकून शेजारी गेले. मास्तर मशीनला तेल घालत होते, जणू मुलीला सासरी पाठवायची तयारी चाललीय.

"मशीन का विकताय?" मी विचारलं.

"दमलो."

"खोटं. दमलेला माणूस तेल घालत बसत नाही."

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "माझे वडील या वयात गेले. याच मशीनवर. छातीवर हात ठेवला आणि मान टाकली. मलाही तिथेच दुखतं ताई. आता हिच्यासमोर, या खुर्चीत तेच व्हायला नको. मशीन गेलं की निदान घरात पडून जाईन."

"आणि मला पित्त पित्त म्हणून सांगत होतात ते?"

"ते आपलं सांगायला. हृदय म्हटलं असतं तर तुम्ही हिला सांगितलं असतं."

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला मास्तरांची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "छातीत दुखतंय आणि हृदयाची शंका आहे, तर दाखवायचं सोडून गुलाबी औषध पिता? आजपासून तुम्हाला बाटली बंद. आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला." वहिनींनी तोवर चप्पल घातलीसुद्धा.

डॉक्टरांनी आधी हृदयच बघितलं. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, पुढे चालत्या पट्ट्यावर चालवूनही पाहिलं. सगळं ठीक निघालं. मास्तरांचा विश्वासच बसेना. मग डॉक्टरांनी जळजळ कधी होते, जेवता किती वाजता, झोपता कधी, असे प्रश्न सुरू केले. उशिरा जेवून लगेच आडवं होणं, जेवल्याबरोबर वाकणं, दिवसभर चहा, हे सगळं बाहेर आलं. शेवटी डॉक्टरांची नजर मास्तरांच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली.

"अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक झडप असते," ते म्हणाले. "ती ढिली पडली की पोटातलं आम्ल वर येतं. जठराला आतून अस्तर असतं, त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही, म्हणून ती भाजते. आणि तुम्ही वरून पोट आवळून आम्लाला आणखी वर ढकलताय."

मास्तरांनी विचार करून विचारलं, "म्हणजे आतलं इलॅस्टिक सैल झालंय, आणि बाहेरून मी कंबर घट्ट केलीय?"

"अगदी तसंच."

"उलटं शिवलं की मी!" मास्तर म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. वहिनी मात्र रडायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याने मला खोटं म्हणून जे सांगितलं होतं, तेच नेमकं खरं निघालं होतं.

डॉक्टरांनी काही आठवडे सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची गोळी दिली. रात्री लवकर आणि थोडं कमी जेवायचं, डाव्या कुशीवर झोपायचं, वजन हळूहळू उतरवायचं. आणि घास अडकायला लागला, आपोआप वजन घटायला लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला काळं झालं तर थांबायचं नाही, लगेच यायचं. निघताना ते एवढंच म्हणाले, "छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला, तर ते पित्तच आहे असं स्वतः ठरवू नका. आजच्यासारखे या."

रविवारी मशीन बघायला आलेल्या माणसाला वहिनींनी दारातूनच परत पाठवलं. मास्तर आधी उशांचा ढीग रचून झोपत होते. त्याने नुसती मान मोडते आणि पोट दुमडतं, हे कळल्यावर त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. उरलेल्या विटा दुकानात आणून कापायच्या टेबलाखाली घातल्या. वडिलांच्या टेबलाला हात लावताना ते जरा थबकले होते, हे मी पाहिलं. आता कापणं सकाळी, उपाशीपोटी. डब्यानंतर बसून हलकी शिलाई, तीही ताठ बसून.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. एकदा ओळखीच्यांकडे जेवायला गेले आणि तिथे तळलेल्या पदार्थांवर असा काही आडवा हात मारला, की दुसऱ्या दिवशी चेहरा पांढरा पडलेला. पण या वेळी छातीवर हात ठेवून बसले नाहीत. माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, हावरटपणा नडला." ज्या दुखण्याची इतकी भीती होती, त्याला असं साधं नाव मिळालेलं ऐकून मला फार बरं वाटलं.

नवी पँट मात्र ते टाळत होते. "हीच उसवून सैल करा ना," असं मी एकदा म्हटलं, तर वहिनींनी हळूच सांगितलं, "आत कापडच नाही ताई. वडिलांचं वय जवळ आलं तसं यांनी स्वतःच्या शिवणीत कापड राखणं बंद केलं. एकदा विचारलं, तर म्हणाले, आता पुढे वाढायचंय कुणाला?" अख्ख्या गावासाठी कापड राखणाऱ्या माणसाचं हे ऐकून मी उसवायचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेवटी वहिनींनीच टेप हातात घेतली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "श्वास सोडा," वहिनी म्हणाल्या. "सोडलाय," मास्तर म्हणाले. "फिट ठेव हं," मास्तर म्हणाले. "हो हो," वहिनी म्हणाल्या, अगदी त्यांच्यासारख्याच आवाजात.

चार दिवसांनी, मास्तरांनी स्वतः शिवून हातशिलाईला दिलेली ती पँट घेऊन वहिनी माझ्या काउंटरशी आल्या. कापड जाड, टिकाऊ. त्यांनी पँट उलटी करून मागची शिवण मला दाखवली. आत एवढं कापड दुमडून ठेवलं होतं, की त्यात आणखी एक खिसा बसला असता.

"एवढं कशाला हो?" वहिनींनी भिंतीकडे तोंड करून विचारलं. "डॉक्टरांनी तर वजन कमी करायला सांगितलंय!"

पलीकडे मशीन चालू होतं. ते थांबलं.

"असू दे," मास्तर म्हणाले. "पुढे लागेल."