नुसता गॅस भरून मिळणार नाही

गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे दाजी हे खरं तर फक्त माझे दाजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. पण मी दाजी म्हणतो म्हणून शेजारचा टायरवाला म्हणू लागला, त्याचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि आता अर्धं शहर त्यांना दाजी म्हणतं. ताई म्हणते, "एवढे भाऊ मला आईबापांनीही दिले नव्हते." त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं औषधांचं दुकान आहे. मधली भिंत एका विटेची. तिकडे त्यांनी हातोडी मारली की इकडे माझ्या खोकल्याच्या बाटल्या किणकिणतात.

गॅरेजच्या दारावर पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत पाटी आहे: "नुसता गॅस भरून मिळणार नाही." धंद्याला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला दारातच नाही म्हणतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ऊन तापलं की घामाघूम झालेली माणसं गाडी दारात लावतात आणि काच खाली करून म्हणतात, "दाजी, जरा गॅस टाका, दहा मिनिटांत निघायचंय." दाजी हात पुसत पुसत येतात आणि तीन प्रश्न विचारतात.

"केव्हापासून? एकदम का हळूहळू? मागच्या वेळी कधी भरला होता?"

पहिल्या दोनांना माणूस धडाधड उत्तरं देतो. तिसऱ्याला अडखळतो. "गेल्या वर्षी." "आणि त्याच्या आदल्या वर्षी?" "तेव्हाही." मग दाजी बॉनेटवर हात ठेवून सुरू होतात. "साहेब, हा गॅस म्हणजे पेट्रोल नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळीत गोल गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. कुठून गेला ते शोधतो, मग भरतो. गाडी ठेवून जा." निम्मे लोक हे ऐकून पुढच्या चौकात दहा मिनिटांत भरून देणाऱ्याकडे जातात. दाजी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते परत येणार हे त्यांना ठाऊक असतं.

माणूस हट्टी, पण हाताला आणि डोळ्याला तोड नाही. एकदा एक गृहस्थ रडकुंडीला येऊन आले. गाडी पळत असली की गार हवा, सिग्नलला थांबली की गरम. दोन गॅरेजांनी कंप्रेसर गेला म्हणून सांगितलेलं. दाजींनी बॉनेट उघडलं, एसी लावला आणि हाताची घडी घालून दोन मिनिटं नुसते उभे राहिले. "पुढचा पंखा फिरत नाही. गाडी पळते तेव्हा वारा त्याचं काम करतो, थांबली की कोण करणार?" उंदरानं वायर कुरतडली होती. ते गृहस्थ जरा हिरमुसलेच. एवढं मोठं दुखणं आणि निघाला उंदीर.

गॅस कुठून जातो हे शोधण्यात मात्र खरी कसोटी. दाजी म्हणायचे, "तो एकटा जात नाही, जाताना तेल घेऊन जातो. तेलावर धूळ बसते. काळा डाग दिसला की चोर सापडला." डाग बाहेरच्या नळीवर असला तर ठीक. आतल्या, हवा गार करणाऱ्या कॉइलला भोक असेल तर सगळा डॅशबोर्ड उचकटावा लागतो. तीन दिवसांचं काम, आणि ते सीटपुढच्या जागेत उलटं झोपून, मान वाकडी करून करायचं. शिवाय एकदा उघडलेला डॅशबोर्ड कितीही नीट बसवा, कुठेतरी कुरकुरतोच. त्याची दाजींना लाज वाटायची.

या उलट्या झोपण्यानं त्यांची कंबर गेली. आणि इथे या गोष्टीत मी येतो.

कंबरेची गोळी ते माझ्याकडून न्यायचे. आधी दुखेल तेव्हा एक, मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ, नुसत्या चहावर. अशी गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी कुणाला देत नाही. एकदा नगरसेवकाला परत पाठवलंय मी. पण घरच्या माणसाला चिठ्ठी कुठे मागायची? आणि दाजींचंही तेच. माझ्या गाडीच्या कॉइलला भोक आहे हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण मला माल आणायला गाडी रोज लागते, तीन दिवस कुठली ठेवणार? म्हणून दर उन्हाळ्यात ते पाटीकडे पाठ करून गुपचूप माझ्या गाडीत गॅस भरून द्यायचे. साऱ्या शहराला नियम, फक्त मेव्हण्याला सूट. माझ्याकडेही साऱ्या शहराला नियम, फक्त दाजींना सूट. यालाच आम्ही दोघं प्रेम समजत होतो.

गेल्या वर्षीपासून दाजी थकायला लागले. एक नळी सोडवली की स्टुलावर बसायचे. चेहरा पांढुरका पडला. मी म्हटलं, "वय झालं दाजी, रक्त कमी झालं असेल," आणि लोहाच्या टॉनिकची बाटली दिली. पंधरा दिवसांत जरा तरतरी आली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा बाटली. एकदा काउंटरवर कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "अरे, शौचाला अगदी काळं होतंय." मी हसलो. "लोहानं होतंच तसं. बाटलीवर लिहिलंय, वाचा." तेही हसले आणि गेले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

एका दुपारी टायरवाला धावत आला. दाजी एका गाडीत अर्धे डॅशबोर्डखाली होते, पाय दाराबाहेर. गाडीचा मालक शेजारी उभा राहून फोनवर सांगत होता की मेकॅनिक झोपलाय. आम्ही त्यांना ओढून बाहेर काढलं. अंग गार, ओठ कागदासारखे. ताई घरून चप्पलही न घालता आली. पाणी मारल्यावर दाजींनी डोळे उघडले, स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "मेव्हण्या, एक बाटली दे रे."

आणि मी, खोटं कशाला बोलू, बाटली आणायला निघालोसुद्धा.

ताई दारात आडवी उभी राहिली. बरोबर पाटीखाली.

"केव्हापासून?" तिनं दाजींना विचारलं.

"काय केव्हापासून?"

"थकवा. केव्हापासून? एकदम का हळूहळू?"

"हळूहळू," दाजी म्हणाले.

"मागच्या वेळी कधी भरली?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "ही चौथी," ते पुटपुटले.

"रक्त काय पेट्रोल आहे? कुठे जातंय ते बघायचं का नाही? चला, गाडी ठेवून जायची."

दवाखान्यात माझ्याच गाडीतून गेलो. एसीतून गरम वारा येत होता. मागच्या सीटवरून दाजी म्हणाले, "मला कळत नव्हतं असं नाही रे. भरून भरून भागत नाही हे मला नाही कळणार? पण वाटायचं, उघडून बघितलं आणि आत कॉइलच गेलेली निघाली तर?" इतक्या वर्षांत मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ताईनं त्यांचा हात धरला होता.

रक्त सहाच्याही खाली निघालं. चार बाटल्या चढवल्या, टॉनिकच्या नव्हे, रक्ताच्या. मग घशातून कॅमेरा घातला. पोटात जखम होती आणि ती महिनोन्‌महिने थेंब थेंब गळत होती. कॉइल गेलेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरी होईल. अजून दोन महिने अशीच राहिली असती तर मी हे म्हटलं नसतं." मग कागदावरून नजर न काढता विचारलं, "कंबरेच्या गोळ्या किती वर्षं? ही जखम त्यांनीच केलीय."

"सहा."

"कुणी दिल्या?"

मी भिंतीवरच्या पचनसंस्थेच्या चित्रात तोंड घातलं. दाजी शांतपणे म्हणाले, "माझ्या मीच घ्यायचो. हा बिचारा नको नको म्हणायचा."

सहा वर्षांत मी एकदाही नको म्हटलं नव्हतं. शौच काळं का झालं होतं, तेही आता मला कळलं होतं. गळणाऱ्या रक्तानं ते काळं होतं, आणि त्यावर मी लोहाचं पांघरूण घातलं होतं. दाजींनी स्वतःहून काळा डाग मला दाखवला होता. रात्रभर मी दवाखान्याच्या बाकावर बसलो आणि सकाळी डॉक्टरीणबाईंच्या दारात उभा राहिलो. "गोळ्या मी देत होतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ताईंनी दाखवलेल्या गोळ्यांच्या पाकिटांवर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोन महिन्यांनी दाजी कामावर आले ते थेट माझ्या काउंटरवर. हात पुढे. मला वाटलं गोळी मागतायत. "गाडीची चावी दे. तीन दिवस मिळणार नाही." मी म्हटलं, माल कसा आणू? "सायकलवर आण." ताईनं दिवसाला दोन तासांच्या वर उलटं झोपायचं नाही अशी अट घातली होती, त्यामुळे तिनाचे नऊ दिवस झाले. कॉइल काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. कोपऱ्यात काळा, तेलकट डाग. सहा वर्षांचा.

दहाव्या दिवशी गाडी बर्फासारखी गार होऊन आली आणि दाजी कंबरेवर हात ठेवून दुकानात आले. "मेव्हण्या, आज फार दुखतंय. एकच दे."

"चिठ्ठी?"

"अरे, घरच्या माणसाला चिठ्ठी?"

"घरच्या माणसालाच," मी म्हणालो.

दाजी भयंकर चिडले. शहरभराचा दाजी मी, आणि सख्खा मेव्हणा मला परत पाठवतो, असं टायरवाल्याला ऐकवत निघून गेले. आठवडाभर अबोला धरला. गाडीचा डॅशबोर्ड डावीकडे कुठेतरी कुरकुरतो. दर खड्ड्याला. मी कुणाला सांगत नाही, फक्त ऐकतो.