जूनमधली फांदी

ईडन प्रेरीतल्या आमच्या घरामागे ओकची राई सुरू होते, आणि असली जंगलं कशी राखायची हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे वटपौर्णिमेला युनिव्हर्सिटीतून परतल्यावर देवघरासमोर तांब्यात खोचलेली ओकची हिरवीगार फांदी पाहिली, तेव्हा पिशवी तिथेच टाकून मी परसात धावले.

नागपुरात वडाची फांदी बाजारात विकत मिळते. इथे परदेशात वड नाही, म्हणून सासूबाईंनी परसातल्या सगळ्यात मोठ्या लाल ओकची तोडली होती, तीही सकाळीच, भाजीच्या सुरीनं. फांदीला सूत गुंडाळून, पुढे आंबा ठेवून त्यांनी बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, यथासांग पूजा केली होती. गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली होती. यंदा पूजा चुकवणं त्यांना शक्यच नव्हतं.

इकडे वसंतापासून जुलै सरेपर्यंत ओकला कोणी करवत लावत नाही. ताज्या जखमेच्या वासावर बारीक किडे येतात आणि अंगावरून रोगाची बुरशी घेऊन येतात. लाल ओक त्या रोगानं एका उन्हाळ्यात वाळतो. मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यामुळे शेजारचेही एकेक करून जातात. मग खोल चर मारून मुळं तोडायची आणि चराच्या आत, रोगट झाडाच्या बाजूला राहिलेलं धडधाकट झाडही मरायला सोडून द्यायचं, एवढाच उपाय उरतो. अशा रेषा मी स्वतः आखल्या आहेत. दुसऱ्यांच्या झाडांसाठी ते सोपं होतं.

गॅरेजमध्ये भिंतीचा रंग उरला होता, वास दबावा म्हणून तो शिडीवर चढून मी जखमेला फासला. उशीर झालाच होता. सासूबाईंना काही बोलले नाही, त्यांच्या जिवाला उगाच घोर कशाला. रोज सकाळी मात्र शेंड्याकडे बघत उभी राहायचे. पानं कडेनं तपकिरी व्हायला लागली की संपलंच. वाऱ्यानं एखादं पान खाली आलं तरी ते उचलून मी त्याच्या कडा तपासायचे.

जुलैत एका सकाळी सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"खरं सांग. ह्यांच्या रिपोर्टमध्ये काही निघालंय का? तू रोज इथे येऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहतेस."

इतके दिवस त्या माझी भीती बघून भीत होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे झाडच ना?" असं म्हणून त्या पायरीवर मटकन बसल्या आणि चक्क हसल्या. मग त्यांनी वर बघितलं. ह्याच झाडाकडे त्यांनी बाबांचं आयुष्य मागितलं होतं. त्यांचं हसू मावळलं, आणि कशाला सांगितलं असं मला झालं.

"हे गेलंच," त्या हळूच म्हणाल्या, "तर ह्यांना रोगाचं सांगू नकोस. वादळात पडलं म्हणू."

दुसऱ्या दिवशी वर बघायला आम्ही दोघी होतो. बाबांनी चहा पितापिता खिडकीतून विचारलं, कुठला पक्षी बघताय.

सासूबाई म्हणाल्या, अजून आला नाही.