मेलेला हिरो परत आला तेव्हा

दोस्तहो, डोकं भणाणून गेलं. आज आईले घेऊन हिंगणघाटले सुपरहिरोचा नवा सिनेमा पाह्यला. मागच्या भागात मेलेला हिरो या वेळी दुसऱ्या दुनियेतून जिवंत परत! अरे, मग मरणाची किंमतच काय राह्यली?

वडनेरले परतताना बसमध्ये मी तणतणत होतो. आईनं विचारलं, "दुसरी दुनिया म्हणजे काय रे?"

म्हटलं, "तिथं आपलेच लोक असतात, फक्त एखादी गोष्ट वेगळी घडते."

आई खिडकीतून हायवे पाहत राह्यली. मग म्हणाली, "म्हणजे तिथं तुये बाबा त्या दिवशी हेल्मेट घालून निघाले असतील."

सिनेमा भंगारच होता, अजूनही म्हणतो. पण तेव्हापासून घरात नुसता येरझारा घालून राह्यलो. आता आई विचारते, पुढचा भाग कधी येते?