सोबर विहीणबाई

माझ्या मुलाच्या साखरपुड्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी विहीणबाईंना म्हणाले की आज तुम्ही दारू प्यायलेल्या दिसत नाही. कौतुकानं म्हणाले.

झालं असं. आमच्या निनादनं लंडनची मुलगी पसंत केली. साखरपुडा वारज्यातल्या हॉलवर होता. मुलीची आई, हेलनबाई, फिकट राखाडी, बारीक काठांची साडी नेसून आल्या. (निऱ्या शेवटपर्यंत जागेवर राहिल्या, हे विशेष.) इतक्या छान दिसत होत्या की मी ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढलं. त्यांचा हात धरून म्हटलं, "यू आर लुकिंग व्हेरी सोबर टुडे."

बाईंचा चेहरा साडीच्या रंगाचा झाला. निनादनं मला कोपऱ्यात ओढलं.

"आई, सोबर म्हणजे न प्यायलेला माणूस."

"मग त्या प्यायल्यात का?"

"नाही गं! पण 'आज' कशाला म्हणालीस?"

आता 'आज' नको म्हणू तर काय? काल त्या जीन्समध्ये होत्या. निनाद म्हणाला, माफी माग. आमचे हेही म्हणाले, मागून टाक, लग्न मोडेल. मी साफ नकार दिला. पडद्यांपासून पर्सपर्यंत आयुष्यभर सगळं सोबर घेत आले मी. इंग्रज गेले, शब्द इथेच टाकून गेले. आता तो आमचा.

दुसऱ्या दिवशी हेलनबाईंना आणि होणाऱ्या सुनेला घेऊन थेट लक्ष्मी रस्त्यावर गेले. साडीच्या दुकानात गादीवरच्या काकांना एवढंच म्हटलं, "सोबर दाखवा."

काकांनी मान वर न करता विचारलं, "सोबर, की एकदमच सोबर?" आणि राखाडी, मोतिया, बदामी असा ढीग घातला. हेलनबाई बघतच राहिल्या. सुनेनं निनादकडून कळलेला अर्थ कानात सांगितला, तशा त्या इतक्या हसल्या की काकांनी चौकशी केली, "घ्यायचीय, की नुसतंच हसायचंय?"

घेतली. लग्न वाचलं.

लग्नात मी वरमाय. पोपटी पैठणी, राणी काठ, मोरांचा पदर, अंगावर कपाटात होते नव्हते ते सगळे दागिने. हेलनबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पाठ करून आणलेल्या मराठीत, मनापासून काळजीनं विचारलं, "विहीणबाई, आज किती प्यायलात?"

"नुसतं पन्हं," मी म्हटलं आणि मोर नीट दिसतील असा पदर पुढे घेतला.